निरगाठीचे बस्ते

रेकॉर्ड रूममध्ये घाबरण्यासारखं तसं काही नसतं. धूळ असते, झुरळं असतात आणि वर गरगरणारा, कधी डोक्यात पडेल याचा नेम नसलेला पंखा असतो. करुणाला या तिन्हींची सवय झाली होती. तरीही त्या मंगळवारी सकाळी साडेअकराला तिला जी भीती शिवली, ती आजतागायत पुरती गेलेली नाही.

शहरातल्या एका लहान कोर्टात ती कनिष्ठ लिपिक होती. नोकरीत कायम व्हायला चार महिने उरले होते. घरातली पहिली सरकारी नोकरी. तिच्या वडिलांनी, कडुबांनी, नेमणुकीचं पत्र काचेत बसवून बाहेरच्या खोलीत टांगलं होतं, आणि आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते वाचावं लागायचं.

जुने कागद नष्ट करायचा नियम तिला तोंडपाठ होता. खटल्यातल्या कागदांचे चार वर्ग. निकाल आणि हुकूमनामा 'अ' वर्गात, त्याला कधीच हात लावायचा नाही. समन्स, तारीख वाढवून मागणारे अर्ज, असला सगळा पालापाचोळा 'ड' वर्गात, त्याची मुदत संपली की तो यंत्रात घालून फाडायचा. पण फाडण्याआधी प्रत्येक बस्ता, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडायचा, 'अ' कागद काढून वेगळ्या कपाटात ठेवायचे आणि यादीखाली लिहून द्यायचं: 'प्रत्येक बस्ता उघडून तपासला.' खाली सही. नियम करणाऱ्याला हे सोपं वाटलं असणार, कारण बस्ते त्याला सोडायचे नव्हते. इथं एका खटल्याचा एक याप्रमाणे लाल कापडातले चारशे बस्ते होते, माणूस एकच होतं, आणि मुदत तीन आठवड्यांची होती.

त्यात गाठींची भानगड. तिच्या आधी तीस वर्षं ही खोली पुंजाराम नावाच्या गृहस्थांनी सांभाळली होती. ते निवृत्त होऊन खुलताबादला राहायला गेले होते. त्यांनी काही बस्त्यांना एका झटक्यात सुटणारी सुरगाठ मारली होती आणि काहींना दातांनीही सुटू नये अशी निरगाठ. त्याचा अर्थ त्यांनी कुठं लिहून ठेवला नव्हता. करुणानं तो आपल्या मनानं लावला. ज्याचं काम संपलं ते माणूस गच्च बांधून टाकतं, आणि ज्यात अजून बघायचंय ते सैल ठेवतं. घरी तिची आई धान्याची गाठोडी अशीच बांधायची.

म्हणून तिनं सुरगाठीचे सगळे बस्ते इमानेइतबारे सोडले, पान न् पान बघितलं. एकातही हुकूमनामा सापडला नाही. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. तिला उलट बरं वाटलं, काम लवकर उरकलं म्हणून. निरगाठीचे त्रेचाळीस बस्ते मात्र तिनं सोडले नाहीत. सोमवारी संध्याकाळी यादीखाली सही केली. मंगळवारी दहाला कोर्टाच्या आवारात कागद फाडायचं यंत्र लागलं. निरगाठीचे बस्ते दाराजवळ होते, तेच आधी गेले.

साडेअकराला खिडकीशी एक म्हातारी आली.

"जय भीम, बाई. पडेगावहून आले. मालनबाई माझं नाव. हुकूमनाम्याची नक्कल पायजे." तिनं खिडकीतून खटल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आत सरकवली. "आमच्या सासऱ्याचा दावा व्हता, तात्यासाहेबांवर. जागा आमची हाय म्हनून निकाल झाला. आता तात्यासाहेबांचा नातू इंद्रजीत म्हंतो, जागा त्याची. शुक्रवारी मोजणी आणतोय."

"तुमच्याकडं काहीच नाही?"

"झेरॉक्स हाय. पर शिक्का उठला नाय, त्यो मोजणीवाला ती बघत बी नाय. आमचा म्हातारा मरताना सांगून गेला, अस्सल कागद कोर्टात हाय, तिथं कुनाचा हात लागत नाय. मंग मी कशाला भिऊ?"

करुणानं नोंदवही काढली. खटला होता. 'अ' कागदांच्या कपाटात त्याचा हुकूमनामा नव्हता. मग तिनं कालचीच यादी उघडली आणि बोट खाली सरकवत नेलं. सतरावा क्रमांक. शेजारी तिच्याच अक्षरात 'निरगाठ'.

बाहेर यंत्राची घरघर चालू होती. तिनं पुंजारामांना फोन लावला.

"काका, तुमच्या गाठी... कुठली कशासाठी होती?"

"लई सोपं हाय, पोरी. सुरगाठ म्हंजी हुकूमनामा काढलेला, आत निस्ता कचरा. निरगाठ म्हंजी हुकूमनामा आतच हाय. म्हनून तर गच्च मारायचो, कागद निसटू नये. का गं?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवून ती आवारात पळाली. यंत्राशेजारी गोण्या उभ्या होत्या. तिनं एका गोणीत कोपरापर्यंत हात घातला. शेवयांएवढ्या बारीक पट्ट्या. कुठं एक अक्षर, कुठं शिक्क्याची निळी कड. त्रेचाळीस घरांचे हुकूमनामे त्या गोण्यांत होते आणि कुठली पट्टी कुणाची हे देवालाही सांगता आलं नसतं. ती तिथंच गोणीवर बसली.

अधीक्षक बोरुडे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी उठून दार लावलं.

"रडू नको. नकलेच्या अर्जावर 'रेकॉर्ड आढळून येत नाही' असा शेरा मार. पन्नास वर्षांचा कागद, कोण विचारतंय?"

"मग त्या बाईंना काय मिळेल?"

"काही नाही."

"दुसरा मार्गच नाही?"

बोरुडे साहेब चष्मा पुसत राहिले. "आहे. रेकॉर्ड नष्ट झालं असं कोर्टानंच लिहून दिलं, तर झेरॉक्सवरून, नोंदवहीवरून ते पुन्हा उभं करता येतं. पण नष्ट झालं म्हटलं, की कुणी केलं, कसं केलं, तेही लिहावं लागतं. आणि सही तुझी आहे, करुणा. चार महिने राहिलेत तुझे."

ती जागेवर परत आली. शेरा मारायला अर्धी ओळ पुरली असती. मालनबाई बाकावर पाय वर घेऊन, पिशवी मांडीवर धरून निवांत बसली होती. करुणाशी नजर मिळाली तशी म्हणाली, "घाई नाय बाई. सापडंल तवा सापडंल." त्या निवांतपणाचीच करुणाला सगळ्यात जास्त भीती वाटली. घरची ती काच डोळ्यांपुढे आली, ते पत्र उतरवणारे वडील दिसले. पेन उचलायला तिला किती वेळ लागला कुणास ठाऊक.

मग तिनं लिहिलं. 'मी निरगाठीचे त्रेचाळीस बस्ते न उघडता नष्ट करण्यास पाठवले. ते तपासल्याचा माझा दाखला खोटा आहे.' खाली त्रेचाळीस क्रमांक लिहिले. त्याखाली सही केली.

बाहेर जाऊन तिनं मालनबाईला सगळं सांगितलं.

"फाडला?" मालनबाई उभी राहिली. पिशवी खाली पडली, तिनं उचलली नाही. "न बघता फाडला?"

"हो."

"मंग बघितला म्हनून सही कशाला केली?"

करुणानं आपल्या कबुलीची शिक्का मारलेली प्रत पुढं केली, झेरॉक्स घेऊन उद्याच वकिलाकडं जायला सांगितलं, काय अर्ज करायचा तेही सांगितलं. मालनबाईनं प्रत उलटसुलट करून पाहिली.

"ह्याच्यात तुझं नाव हाय?"

"आहे."

"दाखव कुठं."

करुणानं बोट ठेवलं. मालनबाईनं त्या जागेवर नखानं खूण केली, कागद घडी घालून चोळीत ठेवला आणि फाटकाकडं चालू लागली.

संध्याकाळी बोरुडे साहेबांनी मूळ कागद तिच्या टेबलावर आणून ठेवला. वरिष्ठांची सही झाली होती, चौकशीचा हुकूमही खाली जोडला होता.

"याचं वेगळं प्रकरण करायचंय," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "वर्ग कोणता लावायचा, ते मी तुझ्यावर सोडतो."

'ड' लावला असता तर मुदत संपल्यावर तो कागदही एक दिवस यंत्रात गेला असता. करुणानं लाल कापड घेतलं, आत कागद ठेवला, चिठ्ठीवर 'अ' लिहिलं आणि सुतळी आवळली. पहिल्यांदा गाठ निसटली. दुसऱ्यांदा तिनं निरगाठ मारली.