नळीतले पाच तास

"साखर किती वर्षांपासून आहे?" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून नजर न काढताच विचारलं.

"मला? छे हो! मला कुठली साखर," ताई हनुवटी यंत्रावर टेकवून तशीच म्हणाली. "दर वर्षी तपासते मी. माझा हा भाऊच तपासतो, स्वतःच्या हातानं. इथेच असतो की खाली, तुमच्या लॅबमध्ये."

डॉक्टरीणबाईंनी दिवा बंद केला आणि भिंतीशी स्टुलावर बसलेल्या भावाकडे पाहिलं. त्याला त्या चांगल्याच ओळखत होत्या.

"नळीमास्तर, या तुमच्या ताई? अहो, पडद्याची ही अवस्था वर्ष-दोन वर्षांत होत नाही. सात-आठ वर्षं तरी साखर अंगात मुरलेली दिसते. आणि आमच्या इथल्या यंत्रावर तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा बघा, साडेदहा! तुमच्याकडे रिपोर्ट कसे यायचे?"

"नॉर्मल," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून त्यानं पुन्हा एकदा सांगितलं, "नॉर्मल यायचे."

नळीमास्तर हे नाव त्याला वॉर्डातल्या नर्सबाईंनी ठेवलं होतं आणि ते काही प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. रक्त चुकीच्या नळीत आलं, उशिरा आलं, की हा माणूस दोन जिने चढून वॉर्डात हजर व्हायचा आणि नळी नाचवत सगळ्यांसमोर शाळा घ्यायचा. "रक्त नळीत गेलं म्हणजे मेलं, असं वाटतं का तुम्हाला? आतल्या पेशी जिवंत आहेत. त्यांना भूक लागते. समोर साखर दिसतेय, त्या खाणारच! तासाला पाच-सात टक्के फस्त. उकाडा असला तर त्याहून जास्त." मग तो विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर यायचा. साखर मोडायला पेशीत दहा विकरांची रांग लागलेली असते, एकानं मोडायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. करड्या झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते नवव्या विकराला धरून ठेवतं आणि मग मागची सगळी रांग खोळंबते. म्हणून साखरेचं रक्त करड्या नळीतच घ्यायचं. हे सगळं तो इतक्या वेळा बोलला होता, की पाठीमागे नर्सबाई ओठ हलवून त्याची नक्कल करायच्या. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत चुकीच्या नळीवर त्यानं एकदाही आकडा दिला नव्हता. निदान आज सकाळपर्यंत त्याचा तसा समज होता.

जिना उतरताना ताईनं एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं त्याचा दंड धरला होता. पायरी संपली की नाही हे ती आधी पाऊल घासून बघत होती.

"त्यांचंच यंत्र बिघडलं असेल बघ," ती म्हणाली. "तुझ्या आकड्यापुढं त्यांचं काय घेऊन बसलास! तू एकदा करून बघ, म्हणजे मिटलं."

"बघतो," म्हणून त्यानं वेळ मारून नेली, आणि त्याची लाज त्याला बस येईपर्यंत पुरली.

झालं होतं ते इतकं साधं, की आठवायलाही फार वेळ लागला नाही. ताई चार तासांच्या अंतरावर राहायची, एका कपडे धुण्याच्या दुकानासाठी रफूचं काम करायची. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर यानं जे काही शिक्षण घेतलं, ते तिच्या सुईवर. आपण तिच्यासाठी काहीतरी करावं असं त्याला फार वाटायचं आणि करण्यासारखं त्याला एकच काम येत होतं. दर वर्षी सुट्टी संपवून निघताना तो सकाळी तिचं रक्त घ्यायचा. ताईच्या शिरा चोरट्या. एक नळी जेमतेम भरायची आणि रक्त थांबायचं, दुसरीसाठी पुन्हा टोचावं लागलं असतं. करड्या नळीतलं रक्त यकृताच्या, मूत्रपिंडाच्या तपासण्यांना चालत नाही. मग त्यानं ठरवलं, एकच लाल झाकणाची, फ्लोराइड नसलेली नळी घ्यायची आणि सगळं त्यातच करायचं. ताईला उगाच दोनदा कशाला दुखवायचं? ती नळी रुमालात गुंडाळून, शर्टाच्या खिशात ठेवून तो बसमध्ये बसायचा. चार तास बस, मग स्टँडवरून थेट लॅब. पाच तास धरा. छातीच्या उबेत ताईच्या पेशी पाच तास जेवत होत्या.

पहिल्या वर्षी आकडा आला एकशे दोन. तेव्हा त्याच्या मनात आलं होतं की यात थोडे मिळवायला हवेत, पुढच्या वेळी नीट घेऊ. पुढच्या वर्षी शहाण्णव आला. मग ते मिळवायचंही राहिलं. एकशे दहा आला त्या वर्षी तो फोनवर म्हणाला होता, "गोड जरा कमी कर, बाकी घोड्यासारखी आहेस." सहा वर्षं! वॉर्डातली परकी नळी अर्धा तास उशिरा आली तर त्यानं फेकून दिली असती, आणि सख्ख्या बहिणीची खिशात घेऊन तो खिडकीशेजारी बसून डुलक्या काढत आला होता.

पुढच्या रविवारी तो ताईकडे गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला होता, तरी दोन कप चहा होईपर्यंत तो बसच्या गर्दीबद्दलच बोलत राहिला. ताई खिडकीपाशी एका कोटाची बाही उन्हात धरून बसली होती. सुईत दोरा घातलेला होता, तो शेजारणीनं घालून दिला होता.

"ताई, यंत्र त्यांचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

त्यानं सगळं सांगितलं. नळ्यांचे रंग, पेशींची भूक, बस, खिसा. वॉर्डात सांगायचा तसंच, फक्त खालच्या आवाजात. ताई सुई थांबवून ऐकत होती.

"म्हणजे तुला हे येत होतं?"

"येत होतं."

"दुसऱ्यांना शिकवायचास?"

"हो."

"पहिल्यापासून?"

त्यानं मान हलवली. मग तिला ती हालचाल दिसली असेल की नाही या शंकेनं तोंडानंही म्हणाला, "पहिल्यापासून."

ताईनं बाहीवर बोट फिरवलं. "तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं बघ, काळ्या कापडावर काळा धागा दिसत नाही. रात्री चार-चार वेळा उठून पाणी पिते म्हणून. तू म्हणालास, वय झालं, नंबर वाढला असेल. मी चष्मा बदलून आले. दुकानात शेजारीण म्हणायची, एकदा डॉक्टरांकडे जा. मी म्हणायचे, मला काय गरज आहे, माझ्या घरात तपासणारा आहे." तिनं सुई बाहीत खोचून ठेवली. "मला दोनदा टोचलं असतंस तरी चाललं असतं रे."

त्याला वाटलं, आता तरी ती ओरडेल. ती ओरडावी असं त्याला मनापासून वाटत होतं. पण ती म्हणाली, "असो. झालं ते झालं. निघ आता, तुझी बस चुकेल." आणि पुन्हा उन्हाकडे वळली.

परतताना बसमध्ये त्याला हलकं वाटलं, हे खोटं कशाला बोला. आपण कबूल केलं, ताईनं पदरात घेतलं, आता औषधं, डोळ्यांचं लेसर, सगळं आपण जातीनं बघू, असा विचार करत तो घरी आला. फोनवर तो तिला पथ्याचं सांगायचा आणि ती "बरं" म्हणायची. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं. तो करड्या नळ्या घेऊन रविवारी येतो म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "बघू, घाई काय आहे!"

एका मंगळवारी सकाळी साडेअकराला त्यानं बाह्यरुग्ण विभागाची यादी पडद्यावर उघडली. सत्तेचाळिसाव्या ओळीत ताईचं नाव होतं. वय एकसष्ट, उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, रक्त घेतल्याची वेळ अकरा वाजून पाच मिनिटं. हातातलं तसंच टाकून तो रक्त घ्यायच्या खोलीकडे धावला. बाकं निम्मी रिकामी झाली होती.

"सत्तेचाळीस नंबरच्या बाई कुठं आहेत?"

"त्या रफूवाल्या? आत्ताच गेल्या की," नर्सबाई कापूस आवरत म्हणाल्या. "बिचाऱ्या पहाटेच्या बसनं आल्या होत्या, एकट्याच. नंबरची पाटीसुद्धा शेजारच्याला वाचायला सांगत होत्या. शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं, पण चकार शब्द नाही. दीड तास रांगेत उपाशी बसलेल्या, म्हणून मीच आधी विचारलं होतं त्यांना, लॅबमध्ये कुणी ओळखीचं आहे का, तुमचं लवकर करून देते."

"मग?"

"नाही म्हणाल्या. कुणी नाही."

तो दारापर्यंत गेला. बाहेर रस्त्यावर पुष्कळ माणसं होती. थोडा वेळ तो तिथंच उभा राहिला, मग आत येऊन त्यानं यंत्र सुरू केलं, कारण सत्तेचाळीस नंबरची नळी येऊन पडली होती आणि तिला उशीर होऊन चालणार नव्हतं.