बावन्नपैकी एकोणपन्नास

मंगळवारी संघाला सुट्टी असते, म्हणून उमेदवारांना मंगळवारीच बोलावतात. कुणाला संघानं काढलेलं असतं, कुणाला कधीच घेतलेलं नसतं. सगळ्यांना नंबर नसलेला करडा शर्ट मिळतो आणि मैदानावर जाण्याआधी ते मार्लिस क्रूपाच्या टेबलावर येऊन बसतात. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात ती एकवीस वर्षं फिजिओ होती. कुणाचं पुढे काय होणार हे तिला प्रशिक्षकांच्याही आधी कळायचं, कारण वरच्या ऑफिसातून प्रत्येकाच्या नावाचा तपासणीचा कागद खाली येई. घ्यायचा विचार असेल त्याचा कागद पिवळा, चार पानी. त्यात मानेपासून घोट्यापर्यंत सगळं, रक्त, हृदय, एमआरआय. बाकीच्यांचा पांढरा, एक पानी. नाडी, रक्तदाब, आणि खाली सही: आज मला काही झालं तर जबाबदारी माझी.

त्या मंगळवारी रीस हॅलोरनच्या नावानं पांढरा कागद आला.

सकाळी गाडीतल्या रेडिओवर त्याच्यावरूनच भांडण चाललं होतं. एकजण म्हणत होता, दोन वर्षांची बंदी भोगली, आता त्याला पुन्हा संधी मिळायला हवी, तो तिच्या लायक आहे. दुसरा म्हणत होता, आपल्या माणसांना विकणारा कशाच्या लायक नसतो. मार्लिसनं रेडिओ बंद केला. लायकी कशात मोजतात ते तिला कधी समजलं नव्हतं.

काय झालं होतं ते मात्र तिला नीट ठाऊक होतं. रीस लुईव्हिलचा क्वार्टरबॅक होता. अख्ख्या संघाची चाल ठरवणारा, चेंडू फेकणारा. कुठल्या सोबत्याचं काय दुखतंय, रविवारी कोण खेळणार नाही, हे तो सट्टा लावणाऱ्या एका मित्राला सांगायचा. बातमी फुटतेय हे कळल्यावर पहिला संशय लुईव्हिलच्या फिजिओवर गेला. बेव्हर्ली ऑस्टर. मार्लिसची कॉलेजातली मैत्रीण. तिला काढून टाकलं. रीस चार महिने गप्प बसला आणि पकडला गेल्यावरच बोलला. बेव्हर्लीला परत बोलावलं, पण ती गेली नाही. आता ती रोपवाटिकेत काम करते. म्हणते, झाडं काही दुखलं तर तोंडानं सांगत नाहीत, बरं आहे.

"मार्लिस, तुझा पाहुणा आलाय," दारातून स्टॅन वॉइट ओरडला. संघाच्या बचावाची आखणी त्याच्याकडे असे. "घड्याळ खिशात ठेव हं. आणि खोकला झाला असेल तर त्याच्यासमोर खोकू नकोस, रविवारपर्यंत भाव पडायचा."

रीसनं ते ऐकलं होतं. तो हसला आणि टेबलावर चढून बसला. एकतीस वर्षांचा, दाढी गुळगुळीत केलेली, उजव्या खांद्यावर शस्त्रक्रियेची जुनी खूण.

"हात वर कर. मागे ने. दुखतं?"

"नाही, मॅडम. रोज सकाळी शंभर फेकतो. शाळेच्या मैदानावर, जाळीत."

"जाळीत? झेलायला कुणी नाही?"

"कोण येणार? जुन्यांपैकी फोन करतो तो एकटा एमॉस. एमॉस टिलमन." एमॉस लुईव्हिलकडून डावीकडे उभा राही. मागच्या बाजूनं क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अडवणं हे त्याचं काम. सात वर्षं त्यानं रीसची पाठ राखली होती. "दर रविवारी सामना संपला की तासभर बोलतो. भावा, परत ये म्हणतो, तुझ्याशिवाय बसमध्ये सगळे शहाण्यासारखे वागतात. जमिनीवर आडवा होऊन बोलतो बिचारा. खुर्चीत बसवत नाही त्याला."

"पाठ?"

रीसनं तोंड मिटलं. "मला काय माहीत," तो म्हणाला.

तिला ते बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं याचं तिला आश्चर्यही वाटलं.

तिनं रक्तदाब लिहिला आणि सहीची जागा दाखवली. त्यानं कागद उलटून पाहिला. मागे कोरं होतं.

"एमआरआय दुपारी आहे का?"

नाही म्हणून विषय संपवता आला असता. मार्लिसला बेव्हर्ली आठवली, तिनं चार महिने खाली घातलेली मान आठवली. मग तिनं पेन टेबलावर ठेवलं.

"रीस, ज्याला घ्यायचं असतं त्याचं एमआरआय सकाळीच होतं. खांद्याच्या आत न बघता तुझ्याशी करार कुणी करणार नाही. आणि या रविवारी आमचा सामना कुणाशी आहे, माहितीये ना?"

"लुईव्हिलशी."

"फेकून झालं की स्टॅन तुला सामन्यांच्या चित्रफिती बघायच्या खोलीत बसवेल. दहा मिनिटं गप्पा मारू म्हणेल."

सगळेच संघ असं करतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडे राहून आलेला माणूस मंगळवारी बोलवायचा, दोन चेंडू फेकायला लावायचे, मग त्याच्या जुन्या संघाच्या चालींच्या गुप्त खुणा विचारायच्या. यात नियमाविरुद्ध काही नाही. रीसनं स्वतः लुईव्हिलला असे कितीतरी जण आलेले आणि गेलेले पाहिले असणार.

"कळतं मला," तो म्हणाला. "पण कधीकधी बघून मन बदलतं ना, मॅडम? एखाद्याचं?"

तिच्या एकवीस वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. "तू जाऊ शकतोस," ती म्हणाली. "आत्ता, याच दारानं. पोटात दुखतंय असं मी लिहीन."

त्यानं सही केली आणि मैदानाकडे गेला.

ती दारात उभी राहिली. नोव्हेंबरचं वारं तळ्याकडून आडवं येत होतं. त्या वाऱ्यात रीसनं बावन्न चेंडू फेकले. मार्लिसला मोजायची सवय होती. झेलणारे तीन पोरगे त्याला अनोळखी होते, तरी एकोणपन्नास चेंडू त्यांच्या छातीशी जाऊन बसले. उरलेल्या तीनपैकी दोन तर पोरांच्याच हातून सुटले. इतका स्वच्छ फेकणारा हात टोलेडोच्या संघात कित्येक वर्षांत आला नव्हता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालकाच्या ऑफिसच्या खिडकीचे पडदे ओढलेलेच होते.

स्टॅननं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "चल, दहा मिनिटं गप्पा मारू."

त्या गप्पांना चाळीस मिनिटं लागली.

मार्लिस पट्ट्या गुंडाळत असताना स्टॅन हातात कार्ड घेऊन आला.

"ए मार्लिस, पटकन सांग. कमरेत खाली नस दबलीये, डाव्या पायाला मुंग्या येतात. असा माणूस वाकून बसलेला आहे आणि त्याला उठून मागे सरकायचंय. कुठे उशीर होईल?"

"पहिल्या पावलाला नाही," हातातल्या पट्टीवरून नजर न काढता ती म्हणाली. "दुसऱ्याला. डावा पाय मागे जाईल, पण त्यावर जोर द्यायला घाबरेल. तेव्हाच कुणी बाहेरून येऊन आत वळला, तर त्याला वळता येणार नाही. का? आपल्यापैकी कुणाला होतंय?"

"आपल्यापैकी नाही," स्टॅननं लिहून घेतलं. "तू म्हणजे सोनं आहेस."

तो गेला. पट्टीचे दोन वेढे झाले, तिसरा झाला नाही. जमिनीवर आडवा होऊन बोलतो बिचारा.

रीस बर्फ लावून घ्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. "फोन करतो म्हणालेत. हाताबद्दल स्टॅन फार चांगलं बोलला."

तिनं बर्फाची पिशवी खांद्यावर ठेवली आणि पट्टा आवळला. "एमॉसच्या पाठीचं त्यांनी विचारलं?"

त्याचा चेहरा हळूहळू विझला.

"नाही," तो म्हणाला. "त्यांनी खुणा विचारल्या. मी सगळ्या सांगितल्या. सगळ्या जुन्या, त्यांच्या माहितीतल्याच निघाल्या. मी गेल्यावर लुईव्हिलनं सगळ्या बदलल्यात, दीड वर्ष झालं. स्टॅन उठायलाच लागला होता, मॅडम. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं."

त्याच्या मांडीवर फोन थरथरला. एमॉस विचारत होता, कसं झालं. रीसनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं उत्तर लिहिलं, बराच वेळ लावून. विमानाची वेळ होत आली होती. बर्फ तसाच खांद्यावर घेऊन तो निघाला.

रविवारपर्यंत मार्लिसनं दोनदा लुईव्हिलच्या फिजिओचा नंबर काढला. सांगायचं काय? आमच्या खोलीत काय बोलणं झालं ते. म्हणजे रीसनं केलं तेच. दोन्ही वेळा तिनं फोन खाली ठेवला. ठेवला हे बरोबर होतं असंही तिला वाटलं नाही.

रविवारी दुसऱ्या सत्रात क्वार्टरबॅकवर धावून जाणारा टोलेडोचा गडी बाहेरून आला आणि आत वळला. एमॉसचं पहिलं पाऊल वेळेवर पडलं. दुसरं पडलं नाही. तीनजण त्याच्यावर कोसळले, आणि ते उठले तेव्हा तो उठला नाही.

लुईव्हिलच्या फिजिओनं दोन्ही हात वर करून मदत मागितली. अशा वेळी कुणी कुणाचा संघ बघत नाही. मार्लिस धावत गेली आणि एमॉसच्या डोक्याशी गुडघे टेकून तिनं त्याची मान दोन्ही तळव्यांत स्थिर धरली.

"हलू नकोस. पायाची बोटं हलव. हलतायत?"

"तुम्ही सांगा," एमॉस म्हणाला. "मला इथून दिसत नाहीत."

उजवी हलत होती. तिनं डावीकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

त्याच्या कपाळावर माती होती. त्यानं वर तिच्या जाकिटावरचं संघाचं नाव वाचलं. "तुम्ही टोलेडोच्या ना? मंगळवारी आमचा रीस आला होता तुमच्याकडे. मला म्हणाला, छान झालं. खोटं बोलतो तो माझ्याशी, मला वाईट वाटू नये म्हणून. खरं सांगा, कसा फेकला त्यानं?"

स्ट्रेचर अजून अर्ध्या मैदानावर होतं. तिच्या तळव्यांत त्याच्या मानेची नाडी लागत होती, एकशे दहाच्या आसपास.

"बावन्न फेकले," मार्लिस म्हणाली. "एकोणपन्नास बरोबर."

"बघा," एमॉस म्हणाला, आणि डोळे मिटून हसला.