लाल काठाचे रुमाल

शेरिफेनं बदामफुलांच्या काठाचा रुमाल कागदात गुंडाळला, दोरा दातांनी तोडला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला, ओळख ना पाळख, सुनेचं गाऱ्हाणं ऐकवायला लागली. मुकी आहे हो. ईदपासून तोंडातून शब्द नाही. चहा आणून ठेवते, तोही मांजर येऊन गेल्यासारखा. आपण तिच्या जागी असतो तर सासूला निदान चार उलट उत्तरं दिली असती. घरात माणसं राहतात हे तरी कळलं असतं.

गिऱ्हाईक बालिकेसिरकडच्या खेड्यातली, तिच्याच वयाची बाई होती. भाचीच्या लग्नात द्यायला रुमाल हवे म्हणून खास खाली समुद्रावर आली होती. आयवालिक बंदराच्या धक्क्यामागची ही गल्ली सगळी अशाच दुकानांची. निळे मणी, तांब्याच्या किटल्या, ऑलिव्हचा साबण. पण सुईनं हाती विणलेल्या काठाचे रुमाल फक्त सेलामीकडे, म्हणजे शेरिफेच्या मुलाकडे. विणायची त्याची बायको नुरजान, मागच्या खोलीत. शेरिफे दाराशी खुर्ची टाकून बसायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता; रंग दिसायचे, आकार विरघळायचे. तरी भाव तीच ठरवायची.

"हा लाल फुलांचा पण घ्या," ती म्हणाली. "परदेशी बायका बोटीतून उतरल्या की हाच मागतात."

बाईनं रुमाल हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"नव्या नवरीला हा कसा देऊ, ताई? विहीण तोंडावर थुंकेल माझ्या."

"का, फुलांना काय धाड भरलीय?"

"फुलं कुठली. मिरच्या आहेत ह्या."

शेरिफेनं काठ बोटांत धरला. असले कितीतरी रुमाल तिनं घडी घालून दिले होते, पण घडी घालताना काठ कोण चाचपतं? आता अंगठ्याखाली एकेक टोक लागत गेलं. बारीक, वाकडं, अणकुचीदार. शाळेचं तोंड तिनं फारसं पाहिलं नव्हतं, पण हे वाचायला ती आईच्या मांडीवर शिकली होती. नवऱ्याशी संसार तिखट झाला की सुनेनं मिरच्या विणायच्या आणि डोक्याला बांधून सासूसमोर यायचं. तोंडानं काही म्हणायचं नाही. सासूनं बघायचं आणि आपल्या लेकाला आवरायचं.

बाई बदामफुलं घेऊन गेली. शेरिफेनं सेलामीला हाक मारली आणि लाल रुमाल सगळे उतरव म्हणून सांगितलं. का, ते त्यानं विचारलं. तिनं तेही सांगितलं. तो हसला. मिरच्या तर मिरच्या, खपतायत ना, म्हणाला, आणि खुंटीवरचा एक काढून बोटीवरून आलेल्या एका गोऱ्या बाईच्या खांद्यावर पसरला. आरसा धरला.

शेरिफे उठून उभी राहिली. त्या बाईला काय सांगायचं आणि कोणत्या भाषेत, ते तिला सुचेना. लेकाला तर सांगून झालं होतं. ती परत बसली. सेलामीनं रुमाल तिच्या मांडीवर टाकला, तेव्हा हातांनी सवयीनं घडी घातली, कागद दुमडला, दोरा बांधला. गोऱ्या बाईनं छातीवर हात ठेवून आभार मानले.

मग नुरजान चहा घेऊन आली. पेला ठेवून वळणार तोच शेरिफेनं तिचं मनगट धरलं. नुरजाननं ते चटकन ओढून घ्यायला पाहिलं, दुखऱ्या जागी हात लागावा तसं. शेरिफेनं पकड सैल केली, पण सोडली नाही.

"मला का नाही दाखवलास?"

नुरजाननं आधी दुकानात पाहिलं. सेलामी आत कोणाशी तरी घासाघीस करत होता.

"दाखवला होता, आई. ईदच्या सकाळी तुमचा हात कपाळाला लावला, तेव्हा डोक्यावर तोच होता." ती थांबली. "तुम्ही म्हणालात, रंग छान आहे. दुकानासाठी असेच आणखी कर."

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. पेल्यातला चहा निवत चालला होता. शेरिफेची मान ताठच होती; फक्त तिचा अंगठा त्या मनगटावरून, न दाबता, मागेपुढे फिरत राहिला.

"मग चूक तुझीच," ती म्हणाली. "आंधळ्या सासूला तोंडानं सांगायचं असतं."