मुद्दाम चुकलेली चाचणी

घोटा बांधावा तर डार्लानेच, असं शाळेतला सगळा अमेरिकन फुटबॉलचा संघ म्हणायचा. अकरावीतली पोर, पण खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या शाळेच्या ट्रेनर मिस ऑर्टेगा यांच्या हाताखाली दोन वर्षं राबून तिने दुखापतींची विद्या कोळून प्यायली होती. त्याच विद्येतली एक फट तिने ऑगस्टमध्ये आपल्या भावाला, वेस्लीला दाखवली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

मोसम सुरू होण्याआधी शाळेत प्रत्येक खेळाडूची चाचणी होते. दहा शब्द ऐकायचे, मग आठवून सांगायचे. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तीच चाचणी. गुण घसरले की खेळ बंद. वेस्लीचं बारावीचं वर्ष, त्यात कॉलेजच्या संघांची माणसं त्याला हेरायला येणार.

"मुद्दाम चुकायचं," डार्ला म्हणाली होती. "आत्ताच मठ्ठ ठरलास, तर नंतर घसरणार कुठून?"

"मठ्ठ तर मी आहेच, आई रोज सांगते," वेस्ली म्हणाला, आणि दोघंही पोट धरून हसली. त्याने तीनच शब्द सांगितले.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सामन्यात वेस्ली डोक्यावर आपटला. उठला तो थेट समोरच्या संघाच्या बाकाकडे निघाला. डार्लाने धावत जाऊन त्याला वळवलं. मिस ऑर्टेगा पाय मोडलेल्या दुसऱ्या पोरापाशी अडकल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "त्याचं हेल्मेट काढून घे! चाचणी घे!"

तिने दहा शब्द वाचले. त्याला तीन आठवले. या वेळी मात्र त्याला खरोखरच तीनच आठवत होते, हे तिच्याशिवाय कोणालाच कळणार नव्हतं.

"डार्ले, पाया पडतो तुझ्या," तो पुटपुटला. "ती कॉलेजची माणसं वर बसलीत. आज बाहेर बसवलंस ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

"किती गुण?" मिस ओरडल्या. "चक्कर वगैरे?"

"ऑगस्टइतकेच, मिस. चक्कर नाही म्हणतोय."

"मग जाऊ दे."

डार्लाने स्वतःच्या हाताने त्याला हेल्मेट दिलं. त्यानंतरच्या तिसऱ्याच चढाईत तो पुन्हा आपटला, आणि उठला नाही.

गावाला कोणाला तरी झोडपायचंच होतं. मिस ऑर्टेगांना नोकरी सोडावी लागली. सामान गाडीत भरताना त्यांनी डार्लाला जवळ घेतलं. "तुझं काही चुकलं नाही बाळा, गुण जुळत होते," म्हणाल्या. डार्ला गप्प राहिली. त्या गप्प बसण्याची तिला आजही किळस येते.

मार्चमध्ये आई दुकानात गेली असताना ती वेस्लीला सूप भरवत होती. हनुवटीवर ओघळलेलं पुसता पुसता तिने सगळं सांगून टाकलं. शिकवलं कोणी, लपवलं कोणी, सगळं. तो तिला शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल, एवढीच तिची आशा होती.

वेस्लीने बराच वेळ विचार केला.

"चाचणी..." तो म्हणाला. "पास झालो का मी?"

"झालास," डार्ला म्हणाली, आणि पुढचा चमचा भरला.