रिकामा रकाना

जावातल्या आमच्या जिल्ह्याचा कारभार पाच वर्षं पाक मारवोतो यांनी पाहिला. (आमच्याकडे आदराने पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.) बुपातीची, म्हणजे जिल्हाप्रमुखाची, ती खुर्ची त्यांना आणखी पाच वर्षं हवी होती. विरोधकाशी लढायचं नसतं, त्याची समजूत घालायची असते, असं ते म्हणत.

प्रचारप्रमुख बू कुंतारी यांना हे पटत नसे. "पाक, विरोधकाला हरवायचं असतं. जेवायला घातलं की तो उद्या परत येतो."

"मग उद्याही घालू."

नऊ पक्ष होते. एकाला पाणीपुरवठ्याचं अध्यक्षपद कबूल झालं, दुसऱ्याच्या जावयाला बाजार समिती. शेवटी विरोधात उरले निवृत्त मुख्याध्यापक गुनादी. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी तेही शिक्षण मंडळाच्या बदल्यात उभं न राहायला राजी झाले.

कायद्यानुसार एकच उमेदवार असला, की मतपत्रिकेवर त्याच्या फोटोशेजारी एक रिकामा रकाना छापतात. जिंकायला त्या रकान्याहून जास्त मतं लागतात. नमुना हातात घेऊन कुंतारी म्हणाल्या, "आता याला जेवायला बोलवा."

मारवोतो गावोगाव फिरले. बाजारात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या बाईंनी त्यांना कॉफी पाजली. "पाक, तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण या रिकाम्याने आजवर एकही शब्द मोडलेला नाही."

रिकाम्या रकान्याला चोपन्न टक्के मतं पडली. जिल्हा वर्षभरासाठी सरकारी अधिकाऱ्याकडे गेला. त्यानंतर फेरनिवडणूक.

"गुनादी उभे असते तर तीस टक्क्यांत आटोपले असते," कुंतारी म्हणाल्या. "त्यांच्यावर चिडलेले तुमच्याकडे आले असते. रिकाम्या जागेवर कोण चिडणार?"

दुसऱ्या दिवशी मारवोतो तळलेली केळी घेऊन गुनादींच्या ओसरीवर हजर झाले.

"पाक गुनादी, या वेळी तुम्ही उभं राहा."

"तुमच्याविरुद्ध?"

"हो."

"गेल्या खेपेला इथेच बसून तीन तास सांगत होतात, की निवडणूक लढवणं म्हणजे शेजाऱ्याशी वैर. माझ्या बायकोला इतकं पटलं, की तिने समोरच्यांशी भांडण मिटवलं."

"माझं चुकलं."

"हेही तसंच पटेलसं बोलताय." गुनादींनी केळ्याचा तुकडा उचलला. "मत कुणाला दिलं, विचारणार नाही का?"

"नाही."

"बरं केलंत."

मग दोघंही खात राहिले. पक्षांचा पाठिंबा कोण मिळवून देणार, असं गुनादींनी विचारलं. तो मी पाहतो, असं मारवोतो म्हणाले. सभांसाठी मैदान? तेही.

"ठीक आहे, उभा राहतो," गुनादी म्हणाले. "पण एकदा उभा राहिलो की जिंकायलाच लढेन. नंतर कुरकुर नको."

मारवोतो यांनी हातातलं केळं बशीत ठेवलं आणि रुमालाने बोटं पुसली.

"तेवढ्या एका मुद्द्यावर," ते म्हणाले, "थोडं बोलता येईल का?"