आलंच, दहा मिनिटं

डोंगरावर माणूस खोटं बोलत नाही, असं जुनीजाणती माणसं सांगतात. ती बहुधा पायथ्याशी गरम सूप पीत बसलेली असावीत. कारण चढणाऱ्याला उतरणाऱ्याने "आलंच, दहा मिनिटं" म्हणायचं, ही कोरियातल्या जिरीसान डोंगराची रीतच आहे. मग निवारा दोन तासांवर का असेना.

बोंग-सुनला हे ठाऊक होतं. पण ऊन कललं होतं, बुटांना लोखंडी काटे लावूनही बर्फावर पाय घसरत होते आणि मैत्रीण म्यो-सुक शेकोटीजवळची जागा धरायला केव्हाच पुढे गेली होती. अंधाराआधी निवारा गाठला नाही, तर सकाळी आपल्याला उचलूनच खाली नेतील, हे तिला कळत होतं.

वरून लाल जाकिटातला एकजण उतरला. तोंडाला फडकं, डोळ्यांवर काळा चष्मा.

"आलंच की मावशी! दहा मिनिटं!" त्याने तिच्या हातात एक संत्रं ठेवलं आणि तो धुक्यात उतरून गेला.

"मावशी असेल तुझी सासू," ती पुटपुटली आणि चढत राहिली.

संत्रं संपलं, साली खिशात गोठल्या, तरी निवारा येईना. मग वरून लाल जाकीट आलं. फडकं, चष्मा.

"आलंच की मावशी! दहा मिनिटं!" पुन्हा संत्रं.

बोंग-सुन थिजली. हा तर खाली गेला होता. वाट एकच, एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. तिला ओलांडून तो वर गेलाच नव्हता. सकाळी बसमध्ये म्यो-सुकने हसत सांगितलेलं आठवलं: निवाऱ्यापासून दहा मिनिटांवर गोठून मेलेला एकजण अजून लोकांना धीर देत हिंडतो म्हणे. तेव्हा दोघी खिदळल्या होत्या.

उजेड निळा झाला. वारा पडला. काट्यांची करकर ऐकू आली, आणि वरच्या वळणावर पुन्हा लाल जाकीट.

"आलंच की—"

"गप रे मुडद्या!" ती किंचाळली. त्याने मुकाट्याने संत्रं बर्फावर ठेवलं आणि तो तिच्या शेजारून खाली गेला.

परत फिरावंसं वाटलं. पण तो खालीच गेला होता. तिघेही, किंवा जो कोण होता तो. उरली वरची वाट. बोंग-सुन हातापायांवर चढली, देवाला आणि म्यो-सुकला आळीपाळीने शिव्या घालत, आणि शेवटच्या उजेडात निवाऱ्याच्या दारावर आदळली.

"इतका वेळ?" म्यो-सुक म्हणाली. "आणि रंग का उडालाय तुझा?"

बोंग-सुनने आत पाहिलं. शेकोटीभोवती सात-आठ लाल जाकिटं मांडीला मांडी लावून शेवया भुरकत होती. मधे संत्र्यांचं खोकं. बाकीची मंडळी बस गाठायला मागेपुढे उतरली होती.

"आमचा गिर्यारोहण संघ," एकजण तोंड पुसत म्हणाला. "दुकानात हाच रंग उरला होता."