दोन थरांपुरता सिद्धांत

भूम गावाजवळ ईरण्णाची खव्याची भट्टी. माणूस कष्टाळू, पण लेकीचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही. शिवरंजनी बंगळूरला गणितात पीएचडी करत होती आणि तिनं एक सिद्धांत मांडला होता. तो ईरण्णानं आठवडी बाजारात इतक्यांना ऐकवला, की लोक त्याला लांबून बघूनच वाट बदलायला लागले.

सांगायचा मात्र झकास. "ही कॉम्प्युटरची जाळी असतेत न्हवं, ती आधी चुकतेत. किती चुकलं ते बघून आतले आकडे सरकवतेत, परत चुकतेत, परत सरकवतेत. अशी शिकतेत. आकडे एकदम लांब लांब सरकवले की चूक दुधासारखी वर येती. वाटतंय, आता गेली उतू. पण जात न्हाय, खाली बसती. का बसती, ते आमच्या शिवानं गणितानं दावलं. जाळ्यात आकड्यांचे एकावर एक थर असतेत, ते किती का असंनात."

परदेशी मासिकानं लेख स्वीकारला आणि गावानं सत्कार ठरवला. त्या दिवशी सकाळी शिवरंजनी भट्टीपाशी येऊन बसली.

"अप्पा, सिद्धांत चुकलाय."

ईरण्णाचा ढवळता हात थांबला.

"दोन थरांच्या जाळ्यात बरोबर हाय. थर वाढले की माझ्या गणितातली मधली एक पायरी टिकत न्हाय. लहानपणापासून ह्या पसरट कढईत बघितलं, दूध वर येतंय आन् बसतंय. खोल, म्हंजे जास्त थरांच्या जाळ्यातबी तसंच व्हईल, असं धरूनच चालले. तपासलंच न्हाय."

"अगं, खोल पातेल्यात दूध उतू जातंय, हे शेंबड्या पोरालाबी कळतंय," ईरण्णा करवादला.

"मला न्हाय कळलं."

न्यायला आलेले सरपंच कृष्णराज दारातच ऐकत होते. ते म्हणाले, "ताई, मासिकवाल्यांना कळलं न्हाय, तर आमाला काय कळणार? आजच्या दिवस गप ऱ्हावा. मंडप घातलाय."

खोटं कशाला बोला, ईरण्णालाही तेच वाटलं. ज्या बाजारात छाती काढून हिंडला, तिथं आता तोंड कसं दाखवायचं? त्यानं लेकीकडं बघितलं आणि मान खाली घातली. खवा जरा करपला तरी अख्खी कढई ओतून देणारा हा बाप. चांगल्यात मिसळून खपवलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिला गप बस म्हणायला त्याची जीभच रेटेना.

"तुला पटंल ते कर," तो म्हणाला.

मंडपात सत्काराला नाव पुकारलं, तशी शिवरंजनीनं आधी माईक मागून घेतला. "माझा सिद्धांत दोन थरांपुरताच खरा आहे. पुढचं मला सिद्ध करता आलेलं नाही. चूक माझी. मासिकाला सकाळीच कळवलंय."

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. सरपंचांनी हातातली शाल हळूच घडी करायला घेतली.

ईरण्णाचे कान तापले. पण लेक ताठ उभी होती, आवाज जरासुद्धा हलला नव्हता. लेख स्वीकारल्याचं कळलं त्या दिवशीही त्याला एवढा अभिमान वाटला नव्हता. जन्मात कधी स्टेजवर न चढलेला ईरण्णा उठला आणि सरळ वर गेला.

"सरपंच, घडी करू नका," तो म्हणाला. "मगाशी घातली असती, तर ती माझ्या बडाईला मिळाली असती. आता घाला. आता ती माझ्या लेकीची हाय."